पहिल्यांदाच मोठ्या रोलर कोस्टरवर बसताय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी घरापासून घरापर्यंत सगळं

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो, "इमॅजिकाला चाललोय, नायट्रोवर बसायचं का, कोणी बसलंय का?" आणि मग खाली जेवढी माणसं तेवढी मतं, एक म्हणतो काही होत नाही बिनधास्त बसा, दुसरा म्हणतो माझ्या मेव्हण्याची मान दोन दिवस आखडली होती, तिसरी म्हणते पट्टा निसटला तर काय करायचं. मी घरातल्या नाहीतर शेजारच्या कुणाला तरी घेऊन तिथे जात असते आणि पहिल्यांदा बसणाऱ्याच्या बाजूची सीट बहुतेक वेळा माझीच असते, त्यामुळे लोक नक्की कशाला घाबरतात आणि कुठे अडतात ते चांगलं माहितीये. म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते, ज्याला जायचंय त्याने सेव्ह करून ठेवा.

कोस्टर कोणता ते आधी सांगते. खोपोलीजवळचं इमॅजिका पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, तेव्हा नाव अ‍ॅडलॅब्स इमॅजिका होतं. तिथला नायट्रो हा पूर्ण स्टीलचा कोस्टर, उंची साधारण ४० मीटर म्हणजे तेरा मजली बिल्डिंगएवढी, ट्रॅक साधारण ८५० मीटर, आणि वाटेत पाच वेळा तुम्ही उलटे होता. बनवलाय बॉलिगर अँड माबिलार या स्विस कंपनीने, १९८८ पासून हे लोक कोस्टरच बनवतात आणि जगभरातल्या मोठमोठ्या पार्कांत त्यांचे कोस्टर आहेत. गोराईचं एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता आपल्या बाजूच्या माणसाला मोठ्या कोस्टरवर बसायचं म्हटलं की खोपोलीच गाठावी लागते.

१. आधी तब्येत बघा, तिकीट नंतर

लोक तिकीट काढतात, तिथे पोहोचतात आणि मग रांगेतला बोर्ड वाचतात. उलटं करा. खालच्यापैकी काहीही असेल तर या राइडवर बसू नका, स्टाफने विचारलं नाही म्हणून चालून जाईल असंही समजू नका:

- गरोदर असाल, कितवाही महिना असो
- हार्टचा त्रास, बायपास-अँजिओप्लास्टी, किंवा गोळ्या घेऊनही बीपी वरखाली होत असेल
- मान किंवा कमरेचा जुना त्रास, स्लिप डिस्क, स्पॉन्डिलायटिस
- नुकतंच ऑपरेशन झालंय, टाके आहेत, हातपाय प्लास्टरमध्ये आहे
- फिट्स येतात

वय झालंय म्हणून बसू नका असं मी म्हणत नाही, साठीतले ठणठणीत काका हसत उतरताना पाहिलेत आणि पंचविशीतली मानदुखीवाली आयटीतली पोरं कळवळताना पण पाहिलीत. शंका असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना जायच्या आठवड्यात फोन करा आणि "झुल्यावर बसू का" असं मोघम विचारू नका, "रोलर कोस्टर आहे, उलटा होतो, खांद्यावरून लॉक येतो आणि शरीरावर तीन-चार पट वजनाचा जोर येतो" असं सांगा, म्हणजे ते पण नीट उत्तर देतील.

मुलांचं म्हणाल तर इथे वय नाही, उंची बघतात. लॉक उंचीच्या हिशोबाने बनवलेला असतो, लहान अंगाचं मूल त्यात घट्ट बसत नाही, म्हणून नियम. रांगेच्या तोंडाशीच पट्टी लावलेली असते. घरीच भिंतीला उभं करून टेपने मोजा, बूट काढून, आणि पार्कच्या वेबसाइटवर त्या राइडची उंची लिहिलेली असते ती त्याच दिवशी पोराला दाखवा. महिनाभर "मी बसणार मी बसणार" करत आलेलं पोर पट्टीला दोन बोटं कमी पडलं की जे रडतं ते बघवत नाही. आणि प्लीज, बुटात कागद कोंबून उंची वाढवू नका. हे करणारे आईबाप मी डोळ्यांनी बघितलेत आणि मला त्याचा खरंच राग येतो, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे.

२. दिवस कोणता

मंगळवार, बुधवार, गुरुवार. बस. शनिवार-रविवार आणि सणाला जोडून आलेली सुट्टी टाळा, तासभर रांगेत उभं राहून दोन-अडीच मिनिटांची राइड मिळते आणि माणूस बसायच्या आधीच दमलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी पण शाळांच्या सहली येतात हे धरून चाला, पण हवा छान असते.

मे महिन्यात ऊन जाम असतं, पाणी कमी प्यायलं की राइडवर डोळ्यांपुढे अंधारी येण्याचे चान्स वाढतात, त्यावर पुढे बोलते. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवागार, गर्दी कमी, पण खोपोलीचा पाऊस तुम्हाला माहितीये, घाटाच्या पायथ्याशी आहे ते. विजा चमकल्या किंवा वारा सुटला की उंच राइड बंद ठेवतात आणि ठेवायलाच पाहिजे. तेव्हा पावसाळ्यात फक्त नायट्रोसाठी जात असाल तर न बसता परत यायची तयारी ठेवा. रिमझिम चालू असताना राइड सुटलीच तर तोंडावर थेंब टोचतात, शंभरच्या स्पीडला पाणी पण लागतं.

३. तिकीट आणि कागदपत्रं

तिकीट ऑनलाइन काढा, तारीख टाकून, खिडकीवरची एक रांग वाचते. मुलांचं तिकीट पण उंचीवर ठरतं, त्यामुळे बुकिंगच्या आधीच मोजून ठेवलेलं बरं. सोबत एवढं ठेवा:

- तिकिटाचा क्यूआर कोड, स्क्रीनशॉट काढून, कारण गेटवर सगळे एकदम फोन उघडतात आणि नेट रडतं
- फोटो असलेलं आयडी, आधार चालतं
- कॉलेजचं ओळखपत्र, स्टुडंट ऑफरने काढलं असेल तर ओरिजिनल
- नेहमीची औषधं असतील तर गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो

एक्सप्रेस तिकीट म्हणून महागडा पर्याय दिसेल, त्याची रांग वेगळी असते. मधल्या वारी जात असाल तर माझ्या मते गरज नाही. गर्दीच्या दिवशीच जावं लागणार असेल आणि सोबत दमणारी माणसं असतील तर मात्र पैसे वसूल.

आणि ओळखीच्या कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या "निम्म्या किमतीत पास" वाल्या लिंकवर पैसे भरू नका, तिकीट पार्कच्या साइटवरून नाहीतर नावाजलेल्या बुकिंग अ‍ॅपवरूनच.

४. अंगावर काय, बॅगेत काय

पायात मागून पट्टा असलेली सँडल नाहीतर बूट. नायट्रोला पायाखाली फरशी नसते, पाय हवेत लोंबकळतात, त्यामुळे साधी चप्पल घालून गेलात तर ती प्लॅटफॉर्मवरच काढून ठेवावी लागते आणि अनवाणी बसावं लागतं.

बायकांसाठी वेगळं सांगते कारण हे कोणी सांगत नाही. केसांना मागे क्लचर लावू नका, डोकं सीटला टेकलं की तो कवटीत घुसतो, साधा रबर लावून वेणी किंवा खाली पोनी घाला. झुमके, मोठी कानातली घरीच ठेवा, खांद्यावरून येणारा लॉक कानाजवळच असतो आणि तिथे आपटतं. मंगळसूत्र लांब असेल तर त्या दिवसापुरतं छोटं घाला नाहीतर काढून ठेवा, आत ब्लाउजमध्ये खोचलं की झालं असं नाही, उलटं झाल्यावर ते बाहेर येतं. ओढणी, स्टोल, साडी नको, लेगिंग आणि कुर्ती किंवा ट्रॅक पॅन्ट बेस्ट.

चष्म्याला मागून दोरी बांधा, ऑप्टिशियनकडे स्वस्तात मिळते, तरी स्टाफने काढायला सांगितला तर वाद घालू नका. खिशात काहीच नको. फोन, पाकीट, किल्ल्या, इअरबड्स, सुट्टे पैसे, सगळं लॉकरमध्ये किंवा न बसणाऱ्या माणसाकडे. व्हिडिओ काढायचा मोह सोडा, तो फोन तुमच्या हातातून निसटला की शंभरच्या स्पीडने मागच्याच्या तोंडावर जातो, फोनचं नुकसान ही त्यात सगळ्यात छोटी गोष्ट.

बॅगेत एक जादा टीशर्ट, रिकामी पाण्याची बाटली, टोपी, ओआरएसची दोन पाकिटं, प्लास्टिकच्या दोन पिशव्या (उलटी झाली तर), आणि आल्याच्या वड्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे पराठ्याचे डबे बनवत बसू नका.

५. जायचं कसं

*लोकलने, ठाण्याकडून:* खोपोली लोकल थेट मिळते पण मोजक्याच असतात, आदल्या रात्रीच टाइमटेबल बघा. चुकली तर कर्जत लोकल पकडा, त्या जास्त आहेत, आणि कर्जतला उतरून खोपोलीची गाडी घ्या. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली, शेवटचं स्टेशन, झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही. बाहेर रिक्षा मिळतात, बसण्याआधी भाडं ठरवा आणि संध्याकाळी परत न्यायला येणार का ते पण तेव्हाच विचारून नंबर घ्या.

*नवी मुंबईकडून:* वाशी, बेलापूर, खारघरवाल्यांनी पनवेल गाठायचं आणि तिथून खोपोलीकडची एसटी. सगळ्याच गाड्या मध्ये थांबत नाहीत, पुण्याच्या फास्ट गाडीत चढण्याआधी कंडक्टरला विचारा, नाहीतर खोपोली खिडकीतून बघायची आणि घाट चढायचा.

*कारने:* कळंबोलीहून एक्सप्रेस-वे पकडा. ठाण्याहून ऐरोली, ठाणे-बेलापूर रोडने या, किंवा कल्याण फाटा-तळोजा. पुढे खोपोलीची एक्झिट घेऊन पाली रोडला लागायचं. इथे लक्ष ठेवा, गप्पांच्या नादात एक्झिट सुटली की मध्ये यू-टर्न नाही, सरळ खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. फास्टॅगमध्ये बॅलन्स आदल्या दिवशी बघा.

*बाइकने:* कॉलेजच्या मुलांनो, एक्सप्रेस-वेवर टू-व्हीलरला बंदी आहे. पनवेलहून जुन्या हायवेने चौकमार्गे खोपोली. मॅपवर बाइकचा मोड लावला नाही तर मॅप तुम्हाला बिनदिक्कत एक्सप्रेस-वेच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

६. खायचं काय

रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब पोटी पण नाही, दोन्हीने मळमळतं. घरून निघताना इडली, पोहे, उपमा, केळं असलं काहीतरी आणि राइडच्या आधी किमान दीड-दोन तासांचं अंतर. निघता निघता मामलेदारची मिसळ हाणून जाऊया ही आयडिया येणारच ठाणेकरांना, ती दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. कोल्ड्रिंक पण राइडच्या आधी नको, पोटात गॅस होतो. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. आल्याची वडी चघळली तरी पुष्कळांना बरं वाटतं.

७. पोहोचल्यावर थेट नायट्रोकडे पळू नका

खरं तर सराव घरापासूनच करता येतो. मानपाड्याच्या टिकुजिनीवाडीत आधी छोट्या राइड्सवर बसून बघा, पोटात गोळा येतो तेव्हा आपलं शरीर काय करतं ते कळतं. इमॅजिकात पण आधी गोल्ड रश एक्सप्रेस करा, तो कुटुंबासोबत बसण्यासारखा कोस्टर आहे, उलटं होत नाही. मग डीप स्पेस, तो अंधारात आणि बंद जागेत असतो, काहींना तो उजेडातल्यापेक्षा भयंकर वाटतो कारण पुढे काय येतंय दिसत नाही. हे दोन्ही पचले की नायट्रो.

पण याची दुसरी बाजू पण आहे. तुमचं ठरलेलं असेल, तब्येत ठीक असेल, तर सकाळी गेट उघडल्या उघडल्या रांग सगळ्यात छोटी असते. म्हणून मी घाबरणाऱ्यांना गोल्ड रश आधी म्हणते आणि ज्यांना नुसती उत्सुकता आहे त्यांना सरळ नायट्रोकडे नेते. आपण कुठल्या प्रकारात मोडतो ते तुम्हालाच माहीत.

न बसणारा एक माणूस ग्रुपमध्ये ठरवून ठेवा आणि त्याला मान द्या. चष्मे, फोन, मंगळसूत्रं, सगळ्यांच्या टोप्या घेऊन ऊन सोसत उभा राहणारा हा माणूस नसेल तर अख्खा दिवस लॉकरच्या चकरांत जातो. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात, एक्झिटच्या सावलीत खुर्ची बघून बसतात, मांडीवर पिशवी, पिशवीत प्रत्येकाचा माल वेगळ्या रुमालात गाठ मारून.

८. हे चालतं कसं ते समजून घ्या (हे वगळू नका)

माझं स्पष्ट मत आहे की निम्मी भीती इथेच जाते. रांगेत उभं असताना वर बघत बसण्यापेक्षा खालच्या गोष्टी शोधा.

*गाडीला इंजिन नसतं.* सुरुवातीच्या चढावर खालून एक साखळी गाडीला ओढत वर नेते. तेव्हा जो कट-कट-कट आवाज येतो त्याला घाबरतात लोक, काहीतरी तुटतंय असं वाटतं. तो सेफ्टीचा आवाज आहे. चढावर दात्यांची पट्टी असते आणि गाडीखालचं खटकं एकेका दात्यावर पडत जातं, म्हणजे साखळी सुटली तरी गाडी मागे घसरू शकत नाही. माथ्यावर पोहोचली की साखळी सोडते आणि पुढचं सगळं उताराच्या जोरावर. ४० मीटरवरून खाली येताना स्पीड ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो, शाळेतलं गणित घालून बघा, बरोबर येतं.

*"लाइट गेली तर?"* हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येकजण विचारतो. उतारावर गाडी विजेवर चालतच नाही, त्यामुळे ती अधांतरी उलटी लटकून राहील असं होत नाही, ती आपला फेरा पूर्ण करून ब्रेकपर्यंत येते. अशा कोस्टरचे ब्रेक बहुतेक वेळा हवेच्या दाबाने उघडे धरलेले असतात, म्हणजे वीज गेली, दाब गेला, की ते आपोआप आवळले जातात. आणि चढावर असताना लाइट गेली तर ते खटकं आहेच धरून ठेवायला.

*"रुळावरून उतरली तर?"* गाडीच्या प्रत्येक चाकाच्या जागी चाकांचे तीन सेट असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूने, आणि एक रुळाच्या खालून. नळीच्या रुळाला तिन्ही बाजूंनी पकडलेलं असतं, मग उलटं असो की सुलटं. स्टीलच्या नळीचा असा ट्रॅक पहिल्यांदा १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये आला, त्याच्या आधी बहुतेक लाकडाचे असायचे. लाकडात एवढी वळणं आणि पिळे घेता येत नव्हते.

*"मागची गाडी येऊन आदळली तर?"* ठाण्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, लोकलच्या सिग्नलचंच तत्त्व आहे. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, पुढचा भाग रिकामा असल्याशिवाय मागची सोडत नाहीत, आणि हे माणूस नाही, सेन्सर आणि कॉम्प्युटर बघतो.

*लूप गोल नसतो.* लूप म्हणजे ट्रॅकची ती उभी कडी जिथे गाडी पूर्ण उलटी फिरते. खालून नीट बघा, तो पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता आहे. पूर्ण गोल ठेवला तर आत शिरताना एकदम जबरदस्त झटका बसतो, मान मोडायची. १९७६ मध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरच्या गणिताने कॅलिफोर्नियात असा थेंबाच्या आकाराचा लूप बसला आणि तेव्हापासून सगळीकडे तीच पद्धत. लूपमध्ये उलटे असताना तुम्ही सीटमध्ये दाबले जाता, लटकत नाही, हे बसल्यावर कळेल आणि आश्चर्य वाटेल.

९. सीट कुठली घ्यायची

एका ओळीत चौघं बसतात. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधल्या ओळी घ्याव्यात, तिथे धक्के त्यातल्या त्यात कमी.

पहिली ओळ म्हणजे समोर काहीच नाही, पायाखाली काहीच नाही, वारा सगळा तोंडावर आणि समोर सह्याद्री. दिसायला सगळ्यात भारी. शेवटची ओळ सगळ्यात जोरकस, कारण पुढचे डबे माथ्यावरून खाली घसरायला लागलेले असतात आणि मागच्यांना ते चढाच्या टोकावरून ओढून नेतात, सीटवरून उचलल्यासारखं वाटतं. म्हणजे लोक घाबरून "मागे बसूया" म्हणतात ते बरोबर उलटं करतात. बाजूच्या दोन सीटपेक्षा मधल्या दोन सीटवर जरा सुरक्षित वाटतं, शेजारी दोन्हीकडे माणूस असतो म्हणून.

१०. बसल्यापासून उतरेपर्यंत

अ) पाठ आणि कंबर पूर्ण मागे टेकवून बसा, मगच लॉक खाली ओढा. पुढे सरकून बसलात आणि लॉक ओढलात की मध्ये फट राहते आणि मग राइडभर तुम्ही आत आदळत राहता. मान दुखली म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण असेच बसलेले असतात.

आ) लॉक छातीला टेकेपर्यंत खाली, श्वास घेता येईल एवढा. खालून पट्टा येतो तो लावा. स्टाफ प्रत्येकाचा लॉक हाताने हलवून बघतो. मनात शंका असेल तर सरळ "दादा, परत एकदा बघा ना" म्हणा, कोणी हसत नाही.

इ) मग पायाखालची फरशी निघून जाते. हे माहीत नसलं की माणूस दचकतो, माझा भाचा ओरडलाच होता, "मावशी, फरशी गेली!" आणि दोन्ही पाय पोटाशी घ्यायला लागला. पाय मोकळे सोडा, खाली काही लागत नाही.

ई) डोकं मागे टेकवा आणि तिथेच ठेवा. मान कडक नको पण डुगडुगणारी पण नको. हाताने लॉकची हँडल धरा.

उ) डोळे मिटू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. डोळे मिटले की पुढे काय येतंय ते कळत नाही आणि पुष्कळांना मळमळ वाढते. नजर पुढच्या ट्रॅकवर ठेवा, वळण कुठे आहे दिसलं की शरीर आपोआप तयार होतं.

ऊ) चढ चढताना लांब श्वास घ्या आणि पहिल्या उताराला तोंड उघडून ओरडा. खरंच ओरडा. ओरडताना श्वास सुटत राहतो, दात आवळून श्वास कोंडून बसलेल्यांना जास्त त्रास होतो.

ए) लूपच्या तळाला शरीर एकदम जड होतं, रक्त पायाकडे जातं, काहींना क्षणभर डोळ्यांपुढे करडं दिसतं. तेव्हा पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळा, लढाऊ विमानाचे पायलट पण हेच करतात. सकाळपासून पाणी प्यायलेलं असेल तर हा त्रास कमीच होतो.

शेवटी ब्रेक लागतो तेव्हा पुढे झटका बसतो, तिथे लोक "संपली" म्हणून मान पुढे काढून बसलेले असतात. गाडी स्टेशनात पूर्ण थांबेपर्यंत डोकं मागेच.

११. मध्येच थांबली तर

चढावर कधीकधी गाडी थांबवतात. खाली कुणाचा लॉक पुन्हा तपासायचा असतो, एखाद्या सेन्सरने खात्री करायला थांबवलेलं असतं. थांबली म्हणजे सिस्टीमने आपलं काम केलं. बसून राहा, लॉकला हात लावू नका. चढाच्या कडेने पायऱ्या असतात त्या रांगेतूनच दिसतात, उतरवायची वेळ आलीच तर स्टाफ येऊन एकेकाला सोडवून तिथून खाली आणतो. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्याशी बोलत राहा, खाली कोणकोण दिसतंय ते विचारा.

१२. उतरल्यावर

लगेच उठून धावू नका, दोन पावलं सावकाश, रेलिंग धरून. पाय थरथरतात ते नॉर्मल आहे. पाणी घोटघोट, गार सरबत बरं, आणि दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसा. लगेच दुसऱ्या गरगर फिरणाऱ्या राइडवर जाऊ नका, स्क्रीम मशीन तर अजिबात नाही, उलट्या इथेच होतात. डोकं खूप दुखतंय, हाताला मुंग्या येतायत, मान वळत नाही, छातीत दुखतंय असं काही असेल तर "होईल बरं" न म्हणता जवळच्या स्टाफला सांगा, पार्कात फर्स्ट एड असतं.

रांगेत पोहोचून, अगदी सीटपर्यंत जाऊन कुणी "मला नाही बसायचं" म्हणालं तर ऐकायचं. स्टाफ बाजूच्या वाटेने सोडतो. त्या माणसाला "घाबरट" म्हणून दिवसभर चिडवणाऱ्यांना मी सोबत नेत नाही. आमच्या शेजारच्या वहिनी पहिल्या वेळी अशाच परत फिरल्या होत्या, पुढच्या खेपेला स्वतःहून म्हणाल्या, "ताई, आज मधल्या ओळीत, तुमच्या शेजारी."

१३. परत येताना

खोपोलीहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या लोकलची वेळ फोनमध्ये आधीच लिहून ठेवा, एक सुटली की पुढच्या गाडीला बराच वेळ असतो. रिक्षावाल्याला पार्क बंद व्हायच्या अर्धा तास आधी फोन करा, सगळे एकदम बाहेर पडले की भाडी चढतात. कारवाल्यांनी रविवारी संध्याकाळी एक्सप्रेस-वेवर मुंबईकडे यायचं म्हणजे लोणावळ्याहून परतणारं अख्खं शहर सोबत असतं, त्यापेक्षा खोपोलीत जेवा आणि थोडं उशिरा निघा. जो दिवसभर राइड्सवर बसला त्याने गाडी चालवू नये, दमलेलं असतं शरीर, स्टिअरिंग पिशव्या सांभाळणाऱ्याकडे द्या, त्याला येत असेल तर. नसेल येत, तर निघायच्या आधी अर्धा तास सावलीत पाय पसरून पडा, चहा घ्या, मग चावी फिरवा.